वरच्या घराला रस्ता नाही

कोसमटोला, ता. जि. गडचिरोली
रविवार, १३ एप्रिल २०२५

चि. रंभास,

आशीर्वाद. तुझं बी.पी. आटोक्यात असेल आणि सूनबाई दीपिकाची पाठ आता कमी दुखत असेल, असं धरून चालते.

तू प्रवीणच्या हाती पाठवलेल्या रस्त्याच्या कागदावर मी सही केलेली नाही. पुढेही कधी करता येणार नाही, अशी व्यवस्था मी मंगळवारी निबंधकाच्या कचेरीत जाऊन करून आले. हे तुला प्रवीणकडून किंवा लेआउटवाल्याच्या त्या गोपालकडून कळू नये, म्हणून लिहायला बसले. फोन करता आला असता. पण फोनवर तू रडतेस आणि मी फोन ठेवते, आणि मग दोघी महिना महिना बोलत नाही. कागदावर तू रडलीस तर मला दिसणार नाही, आणि मलाही मधेच उठून जाता येणार नाही.

प्रवीण पडवीत खाटेवर आडवा झाला आहे. जेवला, पण पोटभर नाही. अंबाडीची भाजी त्याला आवडत नाही हे तू मला कधी सांगितलं नाहीस. सही झाली नाही एवढं त्याला कळलं आहे. आईला फोन करायचा नाही, आधी माझं पत्र तिच्या हातात द्यायचं, असं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. "मोठी आई, तुम्ही मले शाळेतलाच पोट्टा समजता," म्हणाला. मी म्हटलं, शाळेतली पोरं तुझ्यापेक्षा लवकर कबूल होत.

तुला ठाऊक असलेल्या काही गोष्टी मी पुन्हा लिहिणार आहे. उद्या दीपिकाने किंवा तिच्या पोरांनी हे वाचलं तर त्यांनाही समजलं पाहिजे.

बाबांनी आलापल्लीच्या लाकूड डेपोतून निवृत्त होताना टेकडीचा हा तुकडा घेतला, तो शेतीसाठी नव्हे. आयुष्यभर कापलेला साग मोजला, आता उभी झाडं पाहायची आहेत, असं ते म्हणायचे. वरचा अर्धा तुझ्या वाट्याला आला, खालचा उतार आणि घर माझ्या. अतुलरावांच्या दुखण्यात तू वरचा लेआउटवाल्यांना विकलास. त्याबद्दल मी तेव्हा बोलले नाही आणि आजही बोलणार नाही. विकायचा हक्क तुझा होता, आणि माणूस वाचवायचा होता. तो वाचला नाही, यात तुझा दोष नाही.

विकल्यापासून तू इकडे फिरकली नाहीस, म्हणून टेकडीचं काय झालं ते सांगते. त्रास होत असेल तर हा भाग सोडून पुढे वाच.

माथा पायऱ्यांसारखा कापला आहे. एकेका पायरीवर प्लॉट आणि त्याच्या कडेला चुन्याची रेघ. जेसीबी लागला तेव्हा लाल मुरूम उघडा पडला, तो दोन वर्षं तसाच आहे, सोललेल्या गुडघ्यासारखा. कोसम, धावडा, चारोळी, तेंदू, सगळं गेलं. फाटकापाशी मोठा फलक लावला आहे, 'कोसम हिल्स, निसर्गाच्या कुशीत आपलं घर'. त्यावर झाडांचं चित्र आहे. मी वनस्पतिशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली. त्या चित्रातलं एकही झाड विदर्भात जगत नाही. वर दिव्याचे उंच खांब आहेत. घरं नाहीत, माणसं नाहीत, दिवे मात्र जळत असतात. मार्चमध्ये मोहाच्या वासाने अस्वल आलं आणि झाडं सापडेनात म्हणून चौकीदाराच्या केबिनशी जाऊन बसलं. चौकीदार आत, अस्वल बाहेर. सकाळी वनखात्याचे लोक आले तेव्हा चौकीदार म्हणाला, "साहेब, त्याले प्लॉट पाहिजे काय इचारून घ्या." टोल्यात, म्हणजे इथल्या वस्तीत, हे आठ दिवस सांगून हसत होते. मलाही हसू आलं, पण अस्वलाला जायचं कुठे, हे कोणी विचारलं नाही.

गेल्या पावसात उघडा पडलेला मुरूम खाली आला. त्यांचा स्वतःचा रस्ता टेकडीच्या मागच्या अंगाने होता. तो उतार उभा कापून केला होता, जिथे कापला तिथूनच ढासळला. उरलेला चिखल ओढ्याने टोल्याच्या बोडीत गेला. तुझ्या नातवंडांना बोडी म्हणजे काय ते माहीत नसेल. धानासाठी पाणी साठवायचं लहान तळं. ती बोडी श्रावणात काठापर्यंत लाल गाळाने भरली. पाणी वरून वाहून गेलं आणि खालच्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या शेतांत, रोवणी झाली होती तीही वाळली. आता उन्हाळ्यात बाया टोपल्यांनी गाळ काढताहेत. लेआउटवाल्यांकडे माणसं गेली होती. त्यांनी सांगितलं, पाऊस आमच्या हातात आहे का?

हे सगळं मी तुला तेव्हाच लिहू शकले असते. नाही लिहिलं. तू अतुलरावांच्या वर्षश्राद्धाच्या तयारीत होतीस.

दुसरीही एक गोष्ट लिहिली नाही. ती आजही लिहिणार नव्हते, पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दिवाळीच्या पत्रात माझं अक्षर वाकडं का, असं तू विचारलं होतंस आणि मी पेनाचं कारण दिलं. पेन चांगलं होतं. मनगट प्लास्टरमध्ये होतं. भाद्रपदात त्याच चिखलाचा एक लोट माझ्या मागच्या अंगणात आला. सकाळी तुळशीपाशी जायला निघाले आणि घसरले. उठता येईना.

आता तू म्हणशील, टोल्यातल्या बाया होत्या ना? तीच तर गोष्ट आहे. बाबांच्या वेळेपासून टेकडीवर जायची वाट आपल्या मागच्या कुंपणाला लागून होती. उजाडायच्या आत बाया त्या वाटेने वर जायच्या. पावसाळ्यात वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, मग सरपण, चारोळीची चारं, तेंदूपाने, मोह. जाताना बुधरी हाक मारायची, "बाई, उठल्या का?" आणि मी आतून म्हणायची, "तुझ्या आरडाओरड्याने मेलेलं माणूसही उठेल." एवढंच बोलणं. पस्तीस वर्षं मी त्या हाकेला कटकट म्हणत आले. वर कुंपण पडलं, वाट बंद झाली, आणि बाया दुसरीकडून लांबच्या जंगलात जायला लागल्या. माझ्या कुंपणाशी यायचं कोणाला कारणच उरलं नाही.

तर मी चिखलात पडून होते. दुपारी बुधरीची सून करिश्मा हरवलेली शेळी शोधत आली, तिने पाहिलं. तोवर मी काय केलं असं विचारशील तर झाडांची शास्त्रीय नावं म्हटली. काहीतरी म्हणत राहायला हवं होतं.

हे वाचून फोन करू नकोस. हाड जुळलं आहे.

आता कागदाचं.

प्रवीण फेब्रुवारीअखेरीस पहिल्यांदा आला तेव्हा गोपाल बरोबर होता. पांढरे बूट घालून टेकडीवर येणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. त्याने ओसरीवर नकाशा पसरला. मागचा रस्ता पुन्हा करायला परवानगी मिळत नाही, तिकडे झुडपी जंगलाची जमीन लागते. म्हणून रस्ता आता खालून, माझ्या उतारावरून, सरळ वर. नकाशावर ती एक पिवळी रेघ होती. रेघेखाली आपले सगळे मोह होते. त्यातल्या काहींना त्याच्या माणसांनी मला विचारायच्या आधीच लाल रंग फासला होता.

"मॅडम, फायदा तुमचाच आहे," गोपाल म्हणाला. "घरासमोरून डांबरी रोड. उद्या काही झालं तर अँब्युलन्स डायरेक्ट दारात."

"मला काय होणार आहे?"

"तसं नाई म्हटलं मी, मॅडम."

"तसंच म्हटलंस. नकाशा उचल, त्याखाली माझी डाळ वाळत आहे."

त्याला मी बाहेर घालवलं. मग प्रवीण राहिला. तो नकाशाचं बोललाच नाही. खाली मान घालून म्हणाला, "मोठी आई, आईचा एक प्लॉट वर राखून ठेवलाय. व्यवहारातच ठरलं होतं. रस्ता झाला की तिथं लहानसं घर बांधायचं. सातव्या मजल्यावर तिचा जीव घुसमटते. ती म्हणते, मी वर राहीन, ताई खाली राहील. म्हातारपणी दोघी बहिणी एका टेकडीवर."

तू हे त्याच्या तोंडून सांगितलंस. मला स्वतः का नाही लिहिलंस? लिहिलं असतंस तर मी त्याच दिवशी सही केली असती. म्हणून बरंच झालं.

मी त्याला म्हटलं, कागद ठेवून जा, विचार करते. तो निघाला तेव्हा मी त्याला परत बोलावलं आणि एक काम सांगितलं. वर जा, आईच्या प्लॉटवर उभा राहा आणि मला हाक मार. त्याला वाटलं म्हातारीला चळ लागला. पण गेला. मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहिले, जिथे मी रोज असते तिथे. वरून हाक आली, "मोठी आई!" अगदी स्वच्छ. शेजारच्या खोलीतून यावी तशी. आधी मधे झाडी होती. तेव्हा वरून कोणी गळा फाडला असता तरी मला ऐकू आलं नसतं. झाडं गेली म्हणून आवाज पोचला. हे माझ्या लगेच लक्षात आलं, आणि तरीही मला आनंद झाला. तसाच लिहिते, लपवत नाही.

त्यानंतर मार्चचे पहिले आठवडे कागद माझ्या टेबलावर होता. मी मनातल्या मनात तुझं घर बांधून झाले होते. स्वयंपाकघराची खिडकी इकडे खालच्या अंगाला हवी, पश्चिमेला नको, दुपारी भाजून निघशील. तू सकाळी तिथून ओरडशील, ताई, चहा झाला का, आणि मी ओरडेन, केव्हाच झाला, आळशी. पायऱ्यांना कठडा हवा. एवढं सगळं ठरवलं. झाडांचा हिशेबही मी मांडला होता, म्हणजे मनाला पटवला होता. वरची गेलीच आहेत, खालची थोडी राहून कोणतं जंगल होणार? रस्ता झाला की पाणी नालीतून नीट जाईल, चिखल थांबेल. गोपाल म्हणतो तेच सगळं मी माझ्या चांगल्या मराठीत स्वतःला सांगत होते.

ज्या दिवशी सही करायचं ठरवलं, त्या दिवशी सकाळी मागच्या अंगणातून हाक आली.

"बाई, उठल्या का?"

इतक्या महिन्यांनी. मी बाहेर गेले तर बुधरी, करिश्मा आणि टोल्यातल्या पाच-सहा बाया खराटे घेऊन उभ्या होत्या.

"काय गं, आज इकडे वाट चुकली?"

"वाट नाई चुकली. झाडाखाली चला, वाटणी हाय."

"कसली वाटणी?"

"मोहाची. दुसरी कायची?" बुधरी म्हणाली.

तुला हे माहीत नसेल, मलाही इतक्या वर्षांत पुरतं माहीत नव्हतं. टोल्यात मोहाचं एकेक झाड एकेका बाईचं असतं. जमीन कोणाचीही असो. आई पोरीला देते, सासू सुनेला. त्या झाडाखालची फुलं तीच वेचणार, दुसरी हात लावत नाही. मी समजत होते की मी उदार मनाने त्यांना माझ्या जमिनीवर वेचू देते. त्यांना त्यात माझं औदार्य काही दिसतच नव्हतं. तुझ्या वरच्या अर्ध्यातली झाडं गेली तेव्हा बुधरीचं झाड गेलं, करिश्माला लग्नात मिळालेलं गेलं, आणखी कितीजणींचं गेलं. गेल्या वर्षी त्या बायांनी मोहच वेचला नाही. यंदा टोल्याने बसून ठरवलं की खालची, म्हणजे माझ्याकडची झाडं, सगळ्यांनी नव्याने वाटून घ्यायची. ज्यांची होती त्यांनी आपली अर्धी सोडली. भांडणं झाली असतीलच, पण सोडली.

तर मला झाडाखाली नेलं. गायता चैतू, त्यांचा पुजारी, आधीच येऊन बसला होता. नव्या मोहाचा नैवेद्य टेकडीच्या देवाला दाखवल्याशिवाय कोणी फूल वेचत नाही, त्याला पंडुम म्हणतात. देवाचा दगड वर कुंपणात आहे आणि चौकीदार आत सोडत नाही. म्हणून चैतूने यंदा खालूनच, वर तोंड करून हात जोडले. मी मान फिरवली.

मग वाटणी सुरू झाली. हे करिश्माचं, हे रुखमाचं, हे बुधरीचं. ओढ्याच्या काठचा एक जुना, वाकडा मोह राहिला. बुधरीने त्याच्या बुंध्यावर हात मारला.

"हे बाईचं."

"कोणत्या बाईचं?"

"तुमचं! कोन्या बाईचं म्हंजे?"

"अगं बुधरी, ही सगळी जमीनच माझी आहे."

"जमीन तुमची. मी काई म्हटलं का? झाडाची गोठ येगळी हाय."

"आणि मी कधी मोह वेचला आहे?"

"मंग आता येचा. कोन नाई म्हनून राह्यलं?"

करिश्मा मागून म्हणाली, "मॅडमले कमरीतून वाकता येते का नाई, ते तं इचारा आधी."

मी म्हटलं, "वाकता येतं. उठता येत नाही."

सगळ्या फिदीफिदी हसल्या. बुधरी हसली नाही. तिने मला नियम सांगितला, मी पोरींना सांगायची त्याच आवाजात. "झाड ज्याचं त्यानंच याचं. रोज, उजाडल्याबरोबर. दुसऱ्याले पाठवाचं नाई. लागोपाठ नाई आल्या तं झाड दुसरीले जाते, मंग रडाचं नाई."

"आणि मला काऊन देता झाड? मला मोहाचं काय करायचं आहे?" मी विचारलं. हो, 'का' नाही, काऊन म्हटलं. तोंडातून गेलं.

तेव्हा ती माझ्याकडे न पाहता, पाला झाडता झाडता म्हणाली, "तुमी पडल्या तवा कोनाले समजलं नाई. दुपार झाली. आता सकारी झाडाखाली नाई दिसल्या तं समजन."

रंभा, मी अठ्ठावीस वर्षं पोरींची हजेरी घेतली. माझी हजेरी घेणारं कोणी असावं, असं मला कधी वाटलं नाही. वाटलं असतं तरी मी ते कोणाला बोलले नसते. त्या बायांनी आपसांत बसून, आपापल्या झाडांतून काढून, मला एक झाड दिलं. माझ्याच जमिनीतलं. आणि त्या झाडाला लाल रंगाची खूण होती.

त्या दिवशी सही केली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे खराटा घेऊन गेले.

मोह वेचणं सोपं नाही. फूल मऊ असतं, चिमटीत फुटतं, बोटं चिकट होतात, वास डोक्यात चढतो. मी पहिल्या दिवशी एवढंसं वेचलं की करिश्मा म्हणाली, "मॅडम, हे तुमाले नेवैद्याले पुरन." आता बरं जमतं. सकाळी तिथे फार बोलणं होत नाही. ज्याची त्याची टोपली. पण मी गेले की बुधरी मान वर करून पाहते आणि पुन्हा वाकते. तेवढंच.

यावरून असं समजू नकोस की मी आता सुखात आहे. त्या साडेसातपर्यंत असतात. नंतर घरोघर जातात, त्यांची कामं, त्यांची माणसं. मोहाचा हंगाम सरत आला. त्यानंतर दिवस पूर्वीसारखाच लांब आहे. वरच्या दिव्यांमुळे रात्र पडत नाही, आणि चांदण्या मोजायची सोय गेली. मी रेडिओ लावते आणि त्याच्याशी वाद घालते. संध्याकाळी दोन कप चहा ठेवते आणि दुसरा थंड झाला की ओतून देते. ही सवय कधी लागली, लक्षात नाही.

म्हणूनच मंगळवारी गेले. मी तो उतार, ओढ्यापासून वरच्या कुंपणापर्यंत, कोसमटोल्याच्या ग्रामसभेला बक्षीसपत्र करून दिला. नोंदणी झाली. त्यात अट घातली आहे की तिथे रस्ता, घर, खाण काही होणार नाही आणि झाडं बायांच्या वाटणीप्रमाणे राहतील. कारकून म्हणाला, "मॅडम, घाई नका करू, विचार करा." मी म्हटलं, विचार करायला वेळ मिळाला तर मी हे करणार नाही, लवकर शिक्का मार.

हेच तुला सांगायचं होतं आणि इतकी पानं त्याच्याभोवती फिरत बसले. मी हे टेकडीवरच्या प्रेमापोटी केलं असं लोक म्हणतील, टोल्यात म्हणायलाही लागलेत, चैतूने गमछा दिला. ते अर्धंच खरं आहे. मी माझ्यावर भरवसा ठेवला नाही. तू पुन्हा एकदा कोणाच्या तरी तोंडून म्हणाली असतीस, ताई, मला तुझ्याजवळ यायचं आहे, तर मी सही केली असती. झाडं, बोडी, बुधरी, सगळं बाजूला ठेवून केली असती. इतकी मला ती हाक हवी होती. म्हणून सहीचा अधिकारच हातातून काढून टाकला.

तुझं नुकसान झालं आहे. गोड करून सांगत नाही. तुझ्या प्लॉटला रस्ता नाही, म्हणजे घर नाही. गोपाल चिडेल, राखलेला प्लॉट परत घेतील किंवा तसाच पडून राहील. प्रवीणने या कामासाठी चकरा मारल्या, त्याला तोंडघशी पाडलं. दीपिका काय म्हणेल ते मी ऐकू शकते. तुला राग येणं बरोबर आहे. वरचं घर होणार नाही, त्याचा विषय माझ्याकडे पुन्हा काढू नकोस. मला ते दोनदा ऐकवणार नाही.

मी तुला ये म्हणून लिहिणार नाही. आपण मोठ्या झालो. तुला तिथे मुलगा आहे, नातवंडं आहेत, दवाखाना जवळ आहे. इथे ऊन, साप, आणि एक तापट बहीण. तू ठरव.

डोळे दुखायला लागले. प्रवीण जागा झाला, चहा मागतो आहे. आज दुसरा कप ओतावा लागणार नाही.

तुझी, कायम तुझ्याआधी उठणारी,
सत्यशीला

(सोमवारी सकाळी जोडले.) चि. प्रवीणच्या हाती खालील वस्तू दिल्या. त्याने पाहून घेतल्या आणि सही केली. त्याला हसू येत होतं, तरी केली.

रस्त्याचा कागद, सही नसलेला.
बक्षीसपत्राची नक्कल. वाचून ठेवणे, फाडू नये.
वाळवलेला मोह, एक डबा, माझ्या झाडाचा. उन्हात पुन्हा एक दिवस ठेवणे.
माझ्या घराची एक किल्ली. कुलूप जुनं आहे; किल्ली घातल्यावर दार आधी आपल्याकडे ओढायचं, मगच फिरते.

मिळाले: प्रवीण